ड्युअल बूट करा, पण आधी डिस्क ओळखा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून आपल्या पेपरात आणि बाकी सगळीकडेच जुन्या कॉम्प्युटरचं करायचं काय यावर बरंच लिहून येतंय, आणि त्यात शेवटी शेवटी हमखास एक वाक्य असतं की विंडोजच्या जोडीला लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकून ड्युअल बूट करता येईल. बस, एवढंच. करता येईल हे खरंच आहे, मी स्वतः गेली बारा वर्षं एकाच मशीनवर दोन्ही वापरते आणि दुसऱ्यांनाही करून देते, पण तेवढं एक वाक्य वाचून कोणी शनिवारी रात्री पेन ड्राइव्ह लावून बसलं तर रविवारी सकाळी घरातले सगळे फोटो आणि कागदपत्रं गेलेली असू शकतात. उगाच भीती घालायला म्हणत नाहीये, माझ्या हातून असं झालेलं आहे. म्हणून हे पत्र लिहायला घेतलं, थोडं लांबलंय, जमेल तेवढं छापा.

मी घरून अक्षरजुळणीचं आणि प्रुफं बघायचं काम करते. आमच्या धंद्यात जुने नॉन-युनिकोड मराठी फॉन्ट आणि त्यावर चालणारं पानं लावायचं सॉफ्टवेअर अजून सुटत नाही, ते विंडोजवरच चालतं आणि छापखान्यालाही फाइल त्यातच हवी असते. त्यामुळे विंडोज सोडून दे असं मला कितीही जण म्हणाले तरी ते शक्य नाही. पण मेल, नेट, हिशेब, युनिकोडमधलं टायपिंग, पीडीएफ हे सगळं मी लिनक्सवर करते, आणि माझं जुनं मशीन, ज्याला विंडोज ११ घेतच नाही, ते त्यावर अगदी छान चालतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, सिक्युअर बूट (म्हणजे सही नसलेला प्रोग्रॅम सुरुवातीलाच अडवायची सोय) लागतं, इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा लागतो, आणि यातलं काही नसलं की मशीन कितीही धडधाकट असलं तरी ते दारातूनच परत पाठवतं. असे कॉम्प्युटर आज घरोघरी पडून आहेत. ते भंगारात जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

ड्युअल बूट म्हणजे एका घरात दोन बिऱ्हाडं, फक्त एका वेळी एकच जागं असतं. चालू करताना विचारलं जातं की आज कोण, आपण सांगायचं, आणि मग सगळं मशीन त्याचं, सगळी रॅम त्याची. व्हर्च्युअल मशीनमध्ये तसं नसतं, तिथे विंडोज चालू ठेवून तिच्या पोटात दुसरी सिस्टिम चालवायची असते आणि चार जीबी रॅमच्या मशीनला ते झेपत नाही. आता हे विचारलं कुठून जातं ते जरा समजून घ्यायला हवं कारण पुढचा सगळा घोळ त्याच जागी होतो. मशीन सुरू झालं की मदरबोर्डवरचं फर्मवेअर, म्हणजे मशीनला जागं करणारा मूळचा प्रोग्रॅम, आधी उठतं. आपण त्याला सवयीने बायोसच म्हणतो, पण गेल्या दहाएक वर्षांतल्या जवळपास सगळ्या मशीनमध्ये ते यूईएफआय असतं. ते डिस्कवरच्या एका छोट्याशा पार्टिशनमध्ये, म्हणजे डिस्कच्या एका तुकड्यात बघतं, विंडोजने बनवलेलं असेल तर बहुतेक वेळा १०० एमबीचं, फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेलं, आणि त्यात दोघांचे वेगवेगळे फोल्डर असतात, एकात विंडोजचा बूट मॅनेजर आणि दुसऱ्यात लिनक्सचा ग्रब, म्हणजे आज कोण हे मेनू दाखवून विचारणारा प्रोग्रॅम. दोघं एकमेकांच्या फोल्डरला हात लावत नाहीत, सुखाने राहतात. पण हे पार्टिशन दिसायला इतकं किरकोळ असतं की लोकांना वाटतं हे १०० एमबीचं काय ठेवायचंय, टाका फॉरमॅट करून. ते फॉरमॅट केलं की विंडोजचा सगळा डेटा जागच्या जागी असतो पण विंडोज सुरूच होत नाही. इन्स्टॉल करताना त्याला फक्त वापरायचं, फॉरमॅटच्या खुणेला हात लावायचा नाही.

आता माझं काय झालं ते सांगते. तेव्हा माझ्या टेबलावरच्या मशीनमध्ये दोन हार्ड डिस्क होत्या, दोन्ही ५०० जीबीच्या, दोन्ही एकाच कंपनीच्या, एकदमच घेतलेल्या. एकीवर विंडोज आणि सगळं काम, दुसरी रिकामी. लिनक्स रिकाम्या डिस्कवर टाकायचं म्हणजे धोका शून्य असा माझा हिशेब, आणि हिशेब बरोबरच होता. विंडोजमध्ये बघितलं तर विंडोजवाली डिस्क ० आणि रिकामी डिस्क १. लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्ये नावं वेगळी, तिथे एसडीए आणि एसडीबी. मी गृहीत धरलं की शून्य म्हणजे एसडीए आणि एक म्हणजे एसडीबी. एसडीबी निवडली, अख्खी डिस्क पुसून इन्स्टॉल करा हा पर्याय निवडला, त्याने खात्री करायला विचारलंसुद्धा, मी हो म्हटलं आणि चहा ठेवायला उठले. परत येऊन रिस्टार्ट केलं तर मेनूत विंडोज नाही. विंडोज आणि लिनक्स डिस्कना एकाच क्रमाने नंबर देतील असा काही नियमच नाही, कोणती केबल कुठल्या पोर्टला आहे आणि कोणती डिस्क आधी सापडली यावर ते ठरतं, हे मला त्या दिवशी संध्याकाळी कळलं.

त्या डिस्कवर एका लेखकाचं ३१२ पानांचं पुस्तक होतं, टाइप करून, दोन वाचनं होऊन. बॅकअप होता तो महिनाभर जुना, त्यात १५० पानं. फाइली परत मिळवायच्या सॉफ्टवेअरने दोन दिवस डिस्क चाळली, पण वर नवीन सिस्टिम लिहिली गेलेली होती, मिळालं ते सगळं बिननावाचं, नुसत्या आकड्यांच्या फाइली, अर्ध्या उघडत नव्हत्या आणि उघडत होत्या त्यातल्या बऱ्याच मधेच तुटलेल्या. उरलेली १६२ पानं मी हस्तलिखितावरून परत टाइप केली, सव्वीस रात्री लागल्या. त्या लेखकाला फोन करून सांगताना काय वाटलं ते अजून आठवतं. ते एवढंच म्हणाले, "ताई, हस्तलिखित माझ्याकडे आहे ना, मग होईल." हस्तलिखित होतं म्हणून झालं. कोणाच्या बाळाच्या फोटोंचं हस्तलिखित नसतं.

तेव्हापासून मी इन्स्टॉलरमध्ये डिस्क नावावरून ओळखत नाही, आत काय आहे त्यावरून ओळखते. कुठल्या डिस्कवर एनटीएफएसची (म्हणजे विंडोजच्या पद्धतीची) पार्टिशनं दिसतायत, किती जीबीची, किती भरलेली, हे आधी विंडोजमध्ये कागदावर लिहून घ्यायचं आणि इन्स्टॉलरच्या स्क्रीनवर तो कागद शेजारी धरून एकेक जुळवायचं. डेस्कटॉप असेल आणि डिस्क दोन असतील तर सरळ मशीन बंद करून विंडोजच्या डिस्कची केबलच काढून ठेवायची, इन्स्टॉल झाल्यावर परत लावायची, जी डिस्क जोडलेलीच नाही ती पुसली जायची शक्यताच उरत नाही. दोन मिनिटांचं काम आहे.

बॅकअपचं मी वेगळं काय सांगू. फक्त एक सांगते, त्याच मशीनमधल्या दुसऱ्या पार्टिशनवर कॉपी केली तर तो बॅकअप नाही. डी ड्राइव्हवर ठेवलंय म्हणणारे मला दर वेळी भेटतात, सी आणि डी हे बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन तुकडे असतात हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. बाहेरच्या डिस्कवर घ्यायचं, आणि घेतल्यावर त्यातल्या चार फाइली दुसऱ्या मशीनवर उघडून बघायच्या.

दुसरी गोष्ट भाच्याची, ही अगदी अलीकडची. त्याच्या नव्या लॅपटॉपवर त्याला कॉलेजसाठी लिनक्स हवं होतं. कुठल्याशा व्हिडिओत सांगितलं होतं की आधी सिक्युअर बूट बंद करा, त्याने केलं, आणि लॅपटॉप सुरू केला तर निळी स्क्रीन. मला फोन, "मावशी, हा ४८ आकडी नंबर मागतोय, मी असा कुठला नंबर कधी दिलाच नव्हता याला!" खरंच दिला नव्हता. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क बरेचदा पहिल्यापासूनच एन्क्रिप्ट होते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येत नाही, होम एडिशनमध्ये त्याला डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात आणि प्रोमध्ये बिटलॉकर, मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने लॉगिन केलं की किल्ली गुपचूप त्या अकाउंटमध्ये जाऊन बसते आणि माणसाला पत्ताही नसतो. रोजच्या वापरात टीपीएम नावाची चिप ती किल्ली आपणहून देते, पण सिक्युअर बूटसारखी सेटिंग बदलली की चिपला वाटतं कोणीतरी मशीनशी छेडछाड केलीय, मग ती किल्ली देत नाही आणि ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागितली जाते. यात चिपचं काही चुकलं नाही, चोरापासून वाचवायचं कामच ती करत होती.

आम्ही काय केलं, तर आधी सिक्युअर बूट होतं तसं परत चालू केलं, आणि लॅपटॉप मुकाट्याने सुरू झाला. बऱ्याचदा एवढ्यानेच भागतं, म्हणून घाबरून फॉरमॅट करायला धावू नका. मग त्याच्या अकाउंटवर जाऊन किल्ली शोधली, निळ्या स्क्रीनवर जो की आयडी येतो त्याची पहिली अक्षरं तिथल्या यादीशी जुळवायची असतात, आणि ते ४८ आकडे त्याच्याकडून वहीत लिहून घेतले, सहासहाच्या आठ गटांत, मी वाचले त्याने लिहिले मग त्याने वाचले मी तपासले, प्रुफं बघतो तसंच. त्यात त्याने एका जागी ६ चा ० केला होता. एक आकडा चुकला तरी तो नंबर काही कामाचा नाही, म्हणून नुसता फोटो काढून त्याच लॅपटॉपमध्ये ठेवू नका, कागदावर लिहा आणि दुसऱ्याकडून वाचून घ्या.

आणि गंमत म्हणजे सिक्युअर बूट बंद करायची गरजच नव्हती. उबुंटू, लिनक्स मिंट, फेडोरा, डेबियन या लिनक्सच्या सगळ्या प्रकारांचा सुरुवातीचा छोटा प्रोग्रॅम, त्याला शिम म्हणतात, तो मायक्रोसॉफ्टच्या सहीचा असतो आणि सिक्युअर बूट चालू असतानाच ते चालतात. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर टाकला तर पुढच्या वेळी सुरू होताना एक निळी स्क्रीन किल्ली नोंदवायला सांगते, इन्स्टॉल करताना आपणच ठरवलेला पासवर्ड तिथे द्यायचा असतो, तेवढंच. लोक ती स्क्रीन बघून घाबरतात आणि नुसतं कंटिन्यू करतात, मग ड्रायव्हर चालत नाही म्हणून लिनक्सला नावं ठेवतात.

आता प्रत्यक्ष करायचं कसं. पहिल्यांदा इन्स्टॉल करूच नका. आठ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या, त्यावर लिनक्सची आयएसओ फाइल, म्हणजे अख्खी सिस्टिम असलेली एक फाइल, रूफससारख्या प्रोग्रॅमने लिहा (नुसती कॉपी करून चालत नाही, आणि पेन ड्राइव्हवरचं सगळं जातं हे लक्षात ठेवा) आणि त्यावरूनच मशीन सुरू करा. यातली चांगली गोष्ट अशी की डिस्कला हातही न लावता सगळी सिस्टिम पेन ड्राइव्हवरून चालते. दोनचार दिवस अशीच वापरा. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, प्रिंटर दिसतोय का, लॅपटॉप मिटून उघडला की परत जागा होतोय का. हे चार प्रश्न इन्स्टॉलच्या आधी विचारायचे आहेत, नंतर विचारून उपयोग नाही. नवं मशीन असेल तर आणखी एक बघा, आतली एसएसडी दिसते का. इंटेलच्या काही लॅपटॉपमध्ये स्टोरेज आरएसटी किंवा व्हीएमडी या इंटेलच्या खास मोडमध्ये असतं आणि मग लिनक्सच्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. तिथे बायोसमध्ये जाऊन घाईघाईत मोड बदलला तर विंडोज उठत नाही, त्यासाठी विंडोजला आधी तयार करावं लागतं. हे ज्याला माहीत आहे त्याच्याकडूनच करून घ्या.

जागा विंडोजमधूनच करायची, डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन सी ड्राइव्ह श्रिंक म्हणजे लहान करायचा, कारण स्वतःच्या घरातलं सामान कुठे ठेवलंय ते विंडोजलाच नीट माहीत असतं. पुष्कळदा असं होतं की दोनशे जीबी मोकळी दिसते आणि श्रिंक करायला गेलं की म्हणतं फक्त अकरा जीबी मिळेल. हायबरनेशनची फाइल, पेज फाइल, रिस्टोअर पॉइंट हे जागेवरून हलत नाहीत आणि नेमके डिस्कच्या मधोमध बसलेले असतात. ते तात्पुरते बंद करायचे, रिस्टार्ट करायचं, श्रिंक करायचं, परत चालू करायचे. लिनक्सला किती द्यायची तर उबुंटूवाले किमान २५ जीबी म्हणतात पण त्यात जीव गुदमरतो, ६० तरी द्या आणि जमलं तर १००. मोकळी झालेली जागा तशीच सोडायची, विंडोजमध्ये तिचा नवा ड्राइव्ह करायचा नाही.

मग फास्ट स्टार्टअप बंद करायचं. याच्याबद्दल जवळपास कोणी सांगत नाही आणि त्रास सगळ्यात जास्त यानेच होतो. विंडोज ८ पासून म्हणजे २०१२ पासून असं आहे की शट डाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, तिचा गाभा झोपवून डिस्कवर लिहून ठेवला जातो म्हणजे उद्या लवकर उठेल. उलट रिस्टार्ट केलं तर मात्र पूर्ण बंद होऊन सुरू होते, ऐकायला उलटं वाटतं पण तसंच आहे. आता विंडोज अशी अर्धवट झोपेत असताना लिनक्समध्ये गेलं आणि तिच्या ड्राइव्हमध्ये काही लिहिलं तर तिला उठल्यावर वेगळंच घर दिसतं. म्हणून लिनक्स बहुतेक वेळा असा ड्राइव्ह नुसता वाचायला देतं, लिहू देत नाही, किंवा उघडतच नाही. लोकांना वाटतं परमिशनचा घोळ आहे आणि नेटवरून कमांड शोधून जबरदस्तीने लिहायला जातात. तसं करू नका. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये पॉवर बटण काय करतं ते जिथे ठरवतात तिथे फास्ट स्टार्टअपची खूण असते, ती काढा, आणि विंडोजचं मोठं अपडेट आलं की परत एकदा जाऊन बघा.

आता ती इन्स्टॉलची स्क्रीन. त्यावर एक पर्याय असतो की विंडोजच्या शेजारी इन्स्टॉल करा, एक असतो की अख्खी डिस्क पुसून करा, आणि एक आपल्या हाताने पार्टिशन करायचा. शेजारी इन्स्टॉल करा हा पर्याय दिसला तर उत्तम. माझी खरी काळजी आहे ती तो दिसत नाही तेव्हाची. तो नसेल तर याचा अर्थ इन्स्टॉलरला विंडोज ओळखता आलेली नाही. डिस्क एन्क्रिप्टेड असेल, आरएसटी असेल, नाहीतर पेन ड्राइव्ह लेगसी म्हणजे जुन्या बायोसच्या मोडमध्ये सुरू झाला असेल आणि विंडोज यूईएफआयमध्ये असेल, दोन्ही एकाच मोडमध्ये असावे लागतात. पार्टिशनं मांडायच्या जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर तर चारच प्रायमरी पार्टिशनं बसतात आणि लॅपटॉप कंपनीने ती चारही आधीच भरलेली असतात. कारण काहीही असो, अशा वेळी स्क्रीनवर पुसून टाका हाच पर्याय सोपा दिसतो, आणि रात्रीचे साडेअकरा झालेले असतात, आणि माणूस तो दाबतो. इथे थांबायचं. इन्स्टॉलर बंद करायचा, पेन ड्राइव्ह काढायचा, विंडोज सुरू करायची, काहीही बिघडलेलं नसतं. सकाळी कारण शोधायचं.

इतकं नीट केलं की इन्स्टॉल वीसेक मिनिटांत होतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

नंतरच्या चार गोष्टी मात्र सांगते. मेनूत विंडोज दिसली नाही तर ती गेली असं समजू नका, २०२१ मध्ये ग्रबची २.०६ आवृत्ती आली तेव्हापासून दुसऱ्या सिस्टिम शोधायचं काम मुळातच बंद ठेवलेलं असतं, काही लिनक्सवाले ते चालू करून देतात आणि काही देत नाहीत, ग्रबच्या सेटिंगमधल्या एका ओळीने ते चालू होतं. उलट कधी विंडोजच्या अपडेटनंतर मशीन सरळ विंडोजमध्येच जायला लागतं, तेव्हाही लिनक्स जागेवरच असतं, फक्त फर्मवेअरमधला क्रम बदललेला असतो, एफ२ किंवा एफ१२ किंवा जी काही की असेल ती दाबून क्रम परत लावायचा. ऑगस्ट २०२४ चं मात्र वेगळं होतं. तेव्हाच्या विंडोजच्या सुरक्षा अपडेटने जुने शिम नाकारायला सुरुवात केली, ड्युअल बूटवाल्या कितीतरी जणांचं लिनक्स सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन असं म्हणून बंद पडलं, मायक्रोसॉफ्टने ते मान्य केलं आणि पक्की दुरुस्ती यायला मे २०२५ उजाडलं. म्हणून दोन्ही बाजू अपडेट ठेवायच्या आणि तो इन्स्टॉलचा पेन ड्राइव्ह पुसायचा नाही, खणात ठेवून द्यायचा, वेळेला त्यावरूनच मशीनमध्ये शिरता येतं.

घड्याळाचंही सांगते कारण मला त्याने फार छळलं. मदरबोर्डवरचं घड्याळ विंडोज स्थानिक वेळ म्हणून वाचतं आणि लिनक्स युटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ म्हणून. त्यामुळे लिनक्समधून विंडोजमध्ये आलं की घड्याळ साडेपाच तास मागे. नुसतं घड्याळ चुकलं असतं तर चाललं असतं पण फाइलींच्या वेळाही चुकतात, आणि दोन प्रुफांपैकी नंतरचं कुठलं हे मी फाइलीच्या वेळेवरून बघते, एकदा छापखान्याला जुनीच प्रत जायची ती पाठवायच्या आधी उघडून बघितली म्हणून वाचली. लिनक्समध्ये एक कमांड देऊन त्याला घड्याळ स्थानिक वेळेचं धरायला सांगता येतं, किंवा विंडोजला रजिस्ट्रीतून (म्हणजे तिच्या आतल्या सेटिंगच्या नोंदींतून) युटीसी मानायला लावता येतं. दोन्हींपैकी एकच करा, दोन्ही केलं तर परत उलटं बिघडतं.

मराठी टायपिंगची कोणी काळजी करू नका. इनस्क्रिप्टचा कीबोर्ड, जो १९८६ पासून सरकारी प्रमाण आहे, तो लिनक्समध्ये आधीच असतो, सेटिंगमध्ये भाषा वाढवली की झालं, उच्चारानुसार टाइप करणाऱ्यांसाठीही सोय आहे. फक्त फॉन्ट बघा. विंडोजमध्ये मंगल फॉन्टमध्ये केलेलं डॉक्युमेंट लिनक्समध्ये उघडलं की मंगल तिथे नसतो, त्याच्या जागी दुसरा देवनागरी फॉन्ट येतो आणि ओळी वेगळ्या तुटतात, मग अठ्ठावीस पानांची एकोणतीस होतात आणि अनुक्रमणिका चुकते. दोन्हीकडे चालणारा मोफत फॉन्ट, नोटो घ्या नाहीतर दुसरा कुठला, तो दोन्हीकडे टाकून त्यातच काम करा.

आणि ज्यांची विंडोज १० च राहणार आहे त्यांना एक विनंती. शेजारी लिनक्स आलं म्हणून विंडोज १० सुरक्षित होत नाही, ज्याचं अपडेट थांबलंय ते थांबलंच आहे. बँकेचं, मेलचं, नेटचं सगळं लिनक्समध्ये करा आणि विंडोज फक्त त्या एकदोन सॉफ्टवेअरपुरती, शक्यतो नेट न जोडता. मी तसंच करते. हळूहळू विंडोजमध्ये जाणं आठवड्यातून दोनदावर आलंय.

नको झालं तर काढताना पण क्रम आहे, आधी फर्मवेअरमध्ये विंडोजला पहिला नंबर द्या, विंडोज नीट सुरू होतेय ते बघा आणि मगच लिनक्सचं पार्टिशन उडवा. लोक आधी पार्टिशन उडवतात आणि मग काळ्या स्क्रीनवर ग्रब रेस्क्यू असं लिहून येतं आणि कर्सर लुकलुकत राहतो.

संपादक महोदय, माझं मागणं छोटं आहे. आपल्या तंत्रज्ञानाच्या पानावर पुढच्या वेळी ड्युअल बूटचं ते एक वाक्य येईल तेव्हा त्याच्या शेजारी एक चौकट द्या, बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्या, ४८ आकडी किल्ली कागदावर घ्या, फास्ट स्टार्टअप बंद करा, डिस्क नावावरून ओळखू नका, आणि शेजारी इन्स्टॉल करा असं दिसलं नाही तर थांबा. चौकट मी लिहून द्यायला तयार आहे, एका कॉलमात बारा पॉइंटच्या अक्षरांत बसेल एवढीच, आणि प्रूफही मीच बघून देईन.

कळावे,
आपली एक वाचक